निळी, पिवळी, काळी फीत

दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटिश सरकारनं जे ‘स्टार’ काढले, ते सगळे एकाच साच्यातले होते. सहा टोकांचा तारा, तांब्या-जस्ताचा पिवळट मिश्रधातू, मधोमध राजाची आद्याक्षरं आणि मुकुट. लांबून ओळख पटायची ती फितीवरून. एअरक्रू युरोप स्टारची फीत फिकट निळी, दोन्ही कडांना काळी, आणि काळ्याच्या आत पिवळ्या उभ्या रेघा. निळा रंग आकाशाचा, काळा रात्रीच्या उड्डाणाचा आणि पिवळा शत्रूच्या सर्चलाइटचा. चार बोटांच्या कापडात इतकं नेमकं चित्र क्वचितच कुणी बसवलं असेल. हा स्टार ब्रिटिश शिपायाला समारंभात मिळत नसे. युद्ध संपून घरी गेल्यावर अर्ज करायचा, मग टपालानं पुठ्ठ्याची छोटी डबी यायची. मागच्या बाजूला नावही कोरलेलं नसायचं. कित्येकांनी अर्जच केला नाही. ज्यांनी केला, त्यांतल्या अनेकांना कळलं की ५ जून १९४४ या तारखेमुळे निळी-पिवळी-काळी फीत आपल्या वाट्याला येत नाही. या तारखेपासून सुरू झालेली तक्रार २०१३ पर्यंत चालली, आणि तिचा निकाल लागला असं आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ही तक्रार बॉम्बर कमांडची, म्हणजे रात्रीच्या अंधारात जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणाऱ्या ब्रिटिश विमानदळाच्या शाखेची.

या प्रकरणाबद्दल एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, की बॉम्बर कमांडच्या माणसांना पदकच दिलं नाही. ते खरं नाही, आणि बाजू मांडायची तर खोट्या पायावर मांडून चालणार नाही. त्यांना १९३९-४५ स्टार मिळत होता, युद्धपदक मिळत होतं, आणि एअरक्रू युरोप किंवा फ्रान्स-जर्मनी यांपैकी एक स्टार मिळत होता. घोळ अटींमध्ये होता. विमानातल्या माणसाला आधी दोन महिने लढाऊ तुकडीत काढून १९३९-४५ स्टार कमवावा लागे. त्यानंतर आणखी दोन महिने काढले तर एअरक्रू युरोप. आणि हे सगळं नॉर्मंडीच्या स्वारीच्या आदल्या दिवसापर्यंत पुरं व्हायला हवं. म्हणजे फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस स्क्वॉड्रनवर रुजू झालेला विशीतला गनर वसंतभर जर्मनीवर जाऊन आला, तरी त्याचा हिशेब ६ जूननंतरच्या खात्यात जमा झाला. त्याला मिळाला फ्रान्स-जर्मनी स्टार, जो फ्रान्सच्या किनाऱ्यावर पुढे कधीतरी उतरलेल्या पगारपत्रकाच्या कारकुनालाही मिळत होता. कारकुनाला कमी लेखण्याचं कारण नाही. पण दोघांच्या छातीवर तीच फीत पाहून कोण कुठे गेला होता हे ओळखता येणार नाही, आणि मोहिमेच्या पदकाचं काम तर नेमकं तेच असतं.

तो गनर कुठे जात होता, ते आकड्यांत सांगता येतं. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जण विमानातून लढायला गेले. त्यांतले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. ब्रिटनच्या बाजूनं लढलेल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या दलाचं प्रमाण इतकं भीषण नाही. हे सगळे स्वेच्छेनं आलेले होते. सैन्यात भरतीची सक्ती असली तरी विमानात चढण्याची सक्ती कुणावर नव्हती. एकदा चढायचं ठरवल्यावर मात्र तीस फेऱ्या पुऱ्या केल्याशिवाय पहिली सुटका नव्हती, आणि मधेच कुणाचा धीर सुटला तर त्याच्या कागदावर ‘मनोधैर्याचा अभाव’ असा शिक्का बसायचा, हुद्दा आणि छातीवरचं चिन्ह जायचं. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गवर ७९५ विमानं निघाली, ९५ परत आली नाहीत. त्या एका रात्रीत बॉम्बर कमांडनं जेवढी माणसं गमावली, तेवढी लढाऊ विमानांच्या फायटर कमांडनं ‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या, म्हणजे १९४० मधल्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईच्या, सबंध पावणेचार महिन्यांत गमावली होती. दोन्ही आकडे साडेपाचशेच्या उंबऱ्यावर आहेत.

आकड्यांनी डोळ्यांपुढे चित्र उभं राहत नाही, म्हणून लँकेस्टर विमानाची शेपटी पाहावी. सात जणांतला शेवटचा गनर तिथे एकटा बसायचा, बाकीच्या सहांकडे पाठ करून. काचेसारखं दिसणारं प्लास्टिक धुक्यानं आणि बर्फानं आंधळं व्हायचं, म्हणून पुष्कळ गनर समोरचा तुकडा कापूनच टाकत आणि शून्याखाली तीस-चाळीस अंशांचा वारा तोंडावर घेत सात-आठ तास अंधारात टक लावून बसत. पॅराशूट त्या खोबणीत मावत नसे. ते पाठीमागे विमानाच्या धडात टांगलेलं असे. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला फ्रीमन डायसन विशीच्या आत याच कमांडच्या मुख्यालयात आकडेमोड करत होता. त्यानं नंतर लिहून ठेवलं आहे की पाडलेल्या लँकेस्टरमधून जिवंत सुटणाऱ्यांचं प्रमाण हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बर विमानापेक्षा बरंच कमी निघालं, आणि त्याचं एक कारण साधं होतं: लँकेस्टरचा सुटकेचा झरोका दोन इंचांनी अरुंद होता. जाड कपडे आणि पॅराशूट चढवलेला माणूस त्यातून सहज निघत नसे. तो रुंद करण्यासाठी डायसनचा एक सहकारी दोन वर्षं कागद पाठवत राहिला. झरोक्याची ही गोष्ट मला पदकाच्या गोष्टीइतकीच बोलकी वाटते. माणसं हिशेबात होती, पण खर्चाच्या बाजूला.

आता मुख्य प्रश्न. अशा माणसांना वेगळी ओळख द्यायला सरकार का कचरलं? सर्वसाधारण उत्तर असं दिलं जातं, की त्यांनी शहरं जाळली आणि सुसंस्कृत राष्ट्राला त्याची लाज वाटली. हे उत्तर सरकारला फार सोयीचं आहे. त्यात लाज वाटणारं सरकार वेगळं आणि शहरं जाळणारी पोरं वेगळी, असा समज गृहीत धरलेला असतो. कागदपत्रं तसं सांगत नाहीत. १९४१ च्या ऑगस्टमध्ये बट अहवालानं हवाई छायाचित्रं तपासून दाखवलं, की लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. अंधारात कारखाना सापडत नव्हता, शहर सापडत होतं. १४ फेब्रुवारी १९४२ ला हवाई खात्यानं लेखी आदेश काढला की यापुढे भर शत्रूच्या नागरी लोकसंख्येचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य खच्ची करण्यावर राहील. ज्याच्या नावानं हे धोरण ओळखलं जातं, तो आर्थर हॅरिस कमांडचा प्रमुख झाला त्यानंतर आठ दिवसांनी, २२ फेब्रुवारीला. हॅरिसनं ते धोरण जीव ओतून राबवलं, त्याचं समर्थन मरेपर्यंत केलं, आणि १९४५ मध्ये तेल आणि रेल्वेकडे वळा असं वरून सांगितलं जात असतानाही शहरांचा हट्ट सोडला नाही. त्याची सफाई देण्याचं कारण नाही. पण आदेश त्याच्या आधीचा होता, आणि तो मंत्रिमंडळाच्या संमतीनं निघाला होता.

मग १३ फेब्रुवारी १९४५ ची रात्र आली. सुमारे ८०० लँकेस्टर दोन लाटांमध्ये ड्रेस्डेनवर गेली. पुढच्या दोन दिवसांत अमेरिकन विमानांनी भर घातली. जर्मन इतिहासकारांच्या आयोगानं २०१० मध्ये मृतांचा आकडा २५,००० पर्यंत असल्याचा निष्कर्ष काढला. हॅम्बर्गला जुलै १९४३ मध्ये त्याहून जास्त माणसं मेली होती आणि तेव्हा लंडनमध्ये फारशी कुजबुज झाली नव्हती. पण १९४५ च्या वसंतात युद्ध जिंकल्यात जमा होतं, आणि जिंकलेल्याला आपला चेहरा आरशात पाहायला सवड मिळते. २८ मार्चला चर्चिलनं सेनाप्रमुखांना एक टिपण पाठवलं. त्यात दुसऱ्या सबबीखाली केवळ दहशत वाढवण्यासाठी शहरांवर होणाऱ्या बॉम्बफेकीचा आता फेरविचार करावा, अशा अर्थाचं वाक्य होतं. विमानदळाचा प्रमुख पोर्टल भडकला. ज्यानं तीन वर्षं हे चालू दिलं, तोच आता बाजूला उभा राहून बोट दाखवतो आहे हे त्याला दिसलं. टिपण मागे घेतलं गेलं, १ एप्रिलला सौम्य मसुदा आला. १३ मेच्या विजयाच्या भाषणात चर्चिलनं आकाशातल्या, समुद्रातल्या अनेक लढायांचा गौरव केला. बॉम्बर कमांडच्या मोहिमेबद्दल तो बोलला नाही. गंमत अशी की ऑगस्ट १९४० मधल्या त्याच्या ज्या भाषणातलं ‘मूठभर’ वैमानिकांबद्दलचं वाक्य जगाला पाठ आहे, त्याच भाषणात लगेच पुढे त्यानं रोज रात्री जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बर तुकड्यांची भरभरून स्तुती केली होती. ती कुणाला आठवत नाही, कारण आठवण ठेवायची कशाची हेही युद्धानंतर ठरतं.

माझं म्हणणं असं: मोहिमेची ओळख नाकारण्यामागे विवेकाची टोचणी असती, तर तिच्या खुणा दुसरीकडेही दिसल्या असत्या. त्या दिसत नाहीत. युद्ध चालू असताना याच हल्ल्यांमधल्या वैयक्तिक शौर्यासाठी डीएफसी आणि डीएफएम ही पदकं हजारोंनी वाटली गेली (पहिलं अधिकाऱ्यांना, दुसरं सार्जंटांना, एकाच विमानात एकाच गोळीला सामोरं जाणाऱ्या दोघांना वेगळी पदकं देण्याची ही विलायती वर्णव्यवस्था १९९३ पर्यंत टिकली). मे १९४३ मध्ये १९ लँकेस्टर रूहर खोऱ्यातली धरणं फोडायला गेली. १३३ जणांतले ५३ मेले, ३४ जणांना शौर्यपदकं मिळाली, गाय गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस. खाली पुरात सुमारे १,३०० माणसं बुडाली, आणि त्यांत पूर्व युरोपातून वेठीला धरून आणलेले मजूर आणि युद्धकैदी मोठ्या संख्येनं होते. म्हणजे ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चाललं होतं तेच. या मोहिमेवर १९५५ मध्ये सिनेमा निघाला आणि तो ब्रिटनचा लाडका सिनेमा झाला. धरणाची गोष्ट सुटसुटीत होती, तिला कथानक होतं, यंत्राची करामत होती. जळत्या शहराच्या गोष्टीला ते नव्हतं. खालच्या मृतांनी जर पदक अडत असेल तर ते दोन्हीकडे अडायला हवं होतं.

अमेरिकेकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. इंग्लंडच्या विमानतळांवरून दिवसा उडणाऱ्या अमेरिकन आठव्या हवाई दलाचे सुमारे २६,००० जण मेले. अमेरिकेनं युरोपच्या मोहिमपदकावर ‘एअर ऑफेन्सिव्ह, युरोप’ ही स्वतंत्र मोहीम अधिकृतपणे मान्य केली, ४ जुलै १९४२ ते ५ जून १९४४ अशा तारखांसह, आणि तिच्यासाठी फितीवर चांदणी लावायची मुभा दिली. शिवाय ठरावीक फेऱ्यांमागे एअर मेडल होतंच. त्याच अमेरिकेनं ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियो जाळलं, एका रात्रीत सुमारे लाखभर माणसं मेली. त्यावर अमेरिकेत वाद झाले, पुस्तकं निघाली, पण वैमानिकांची चांदणी कुणी काढून घेतली नाही. धोरणाचा वाद धोरण ठरवणाऱ्यांशी झाला. ब्रिटननं काय केलं? धोरणाबद्दल ना माफी मागितली, ना ते ठामपणे आपलं म्हटलं. दोन्ही टाळण्यासाठी मधल्या माणसांवर मौनाची चादर ओढली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप जर्मनीतून येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मित्रराष्ट्रांच्या बॉम्बफेकीत मेलेल्या जर्मन नागरिकांचे अंदाज साडेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातात. न्युरेंबर्गच्या खटल्यात ‘हुकूम होता म्हणून केलं’ हा बचाव मान्य झाला नाही. मग विमानातून बॉम्ब सोडणाऱ्याला तो का लागू करायचा? प्रश्न रास्त आहे. फक्त तो पदकाच्या दारात उभा करून उपयोग नाही. मोहिमेचं पदक म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नसतो. हा माणूस अमुक काळात अमुक ठिकाणी राष्ट्राच्या हुकमावरून जिवावर उदार होऊन गेला होता, एवढीच नोंद ते करतं. त्या नोंदीतून ‘राष्ट्राच्या हुकमावरून’ हे शब्द वगळता येत नाहीत, आणि म्हणूनच ही नोंद राष्ट्राला बोचते. पदक नाकारल्यानं ड्रेस्डेनच्या एकाही मृताला न्याय मिळत नाही. उलट हुकूम देणाऱ्याची सही पुसट होते आणि हुकूम पाळणारा विशीतला पोरगा ठळक होतो. ज्याला हल्ल्यांची नैतिक चौकशी खरोखर हवी आहे, त्यानं तर सरकारनं ‘होय, ही आमची मोहीम होती’ असं लेखी म्हणण्याचा आग्रह धरायला हवा.

याच आक्षेपाची दुसरी बाजू कॅनडात दिसली, आणि तिथे मात्र माझी सहानुभूती निवृत्त वैमानिकांच्या बाजूला जात नाही. बॉम्बर कमांडच्या मृतांमध्ये सुमारे दहा हजार कॅनेडियन होते. १९९२ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर ‘द व्हॅलर अँड द हॉरर’ ही मालिका आली, तिनं बॉम्बफेकीवर कठोर टीका केली आणि माजी सैनिक कोर्टात गेले. पुढे २००७ मध्ये ओटावाच्या युद्धसंग्रहालयातल्या एका फलकावर बॉम्बफेकीच्या परिणामकारकतेबद्दल आणि नैतिकतेबद्दल वाद आहे असं लिहिलेलं होतं. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीपर्यंत प्रकरण गेलं आणि संग्रहालयानं फलकाचा मजकूर बदलला. वाद होता हे लिहिणं खोटं नव्हतं. मान मिळवण्याच्या लढ्याला इतिहासाच्या वाक्यांवर ताबा हवासा वाटू लागला की तो लढा आपलाच मुद्दा गमावतो. पण हेही पाहायला हवं की हा अट्टहास पन्नास-साठ वर्षांच्या उपेक्षेतून आला होता. ज्याच्या सेवेची साधी नोंद वेळेवर झाली असती, तो फलकावरच्या एका परिच्छेदासाठी इतका जिद्दीला पेटला असता असं वाटत नाही.

दुसरा आक्षेप दप्तरी आहे, आणि नोकरशाहीचे आक्षेप नेहमी निरुपद्रवी दिसतात. ब्रिटनमध्ये पदकांचा निर्णय करणारी समिती दोन जुने दंडक सांगे. पदक रणभूमीला मिळतं, एखाद्या कमांडला नाही. आणि पाच वर्षांपलीकडच्या घटनेसाठी नवं पदक नाही. पहिला दंडक तर सरकारनं १९४५ मध्येच मोडला होता. एअरक्रू युरोप स्टार हाच मुळी जागेपेक्षा कामाला दिलेला स्टार होता. नावातच ‘एअरक्रू’ आहे. शिवाय ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये उडालेल्या फायटर कमांडच्या वैमानिकांसाठी १९३९-४५ स्टारच्या फितीवर लावायची खास पट्टी मंजूर झाली, १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळासाठी. म्हणजे एका कमांडला एका लढाईची पट्टी देता येत होती. दुसरा दंडक २००३ मध्ये वाकला: सुएझ कालव्याच्या पट्ट्यात १९५१ ते १९५४ दरम्यान नोकरी केलेल्यांना पन्नास वर्षांनी पट्टी मिळाली. नियम लवचीक होता. कुणासाठी वाकवायचा एवढाच प्रश्न होता. तरीही प्रत्येक नव्या सरकारनं माजी वैमानिकांच्या पत्रांना तेच उत्तर दिलं, की १९४५ मध्ये विचार झाला होता आणि आता तो उकरून काढता येणार नाही.

या कथेत हिंदुस्थान अगदीच परका नाही. ब्रिटिश स्क्वॉड्रनना वसाहतींची नावं मिळाली ती तिथून आलेल्या पैशामुळे: लढाऊ विमानांच्या १२४ व्या स्क्वॉड्रनला बडोद्याचं, १३२ व्या स्क्वॉड्रनला मुंबई शहराचं, आणि पुढे पाथफाइंडर दलात हॅलिफॅक्स उडवणाऱ्या ३५ व्या स्क्वॉड्रनला मद्रास इलाख्याचं. पाथफाइंडर म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन लक्ष्यावर रंगीत दिवे सोडणारे. मागचे शेकडो जण त्या खुणांवर बॉम्ब टाकत. या दलात शैलेंद्र एकनाथ सुखठणकर नावाचा नॅव्हिगेटर होता आणि त्याला डीएफसी मिळाला होता. मराठी वाचकाला हे आडनाव ओळखीचं आहे, हा माणूस नाही. लढाऊ वैमानिक महिंदरसिंग पुजी यांनी आयुष्याच्या अखेरीला जाहीरपणे तक्रार केली होती की ब्रिटनच्या विजयोत्सवांमध्ये भारतीय वैमानिक दिसतच नाहीत. त्यांचा पुतळा ग्रेव्हझेंडला २०१४ मध्ये उभा राहिला, ते गेल्यावर चार वर्षांनी. मायदेशी तर या मंडळींची अडचण दुहेरी होती. स्वतंत्र भारताला परक्या राजासाठी लढलेल्यांचा उत्सव करणं अवघड, आणि साताऱ्या-कोल्हापूरच्या घरांमधल्या इटली स्टार, बर्मा स्टारसारखी या उडणाऱ्यांना गावाची, पलटणीची सोबत नाही. नाकारलेली ओळख म्हणजे काय, हे समजायला आपल्याला लंडनपर्यंत जायची गरज नाही.

सरकार हलत नव्हतं तेव्हा दगड आणि धातू पुढे आले. १९९२ च्या ३१ मे रोजी लंडनच्या सेंट क्लेमेंट डेन्स चर्चबाहेर हॅरिसचा पुतळा राजमातेच्या हस्ते उघडला गेला. तारीख कोलोनवरच्या हजार विमानांच्या हल्ल्याला पन्नास वर्षं पुरी झाल्याची. निदर्शनं झाली, जर्मन महापौरांनी निषेध केला, पुतळ्यावर लाल रंग पडला. मला तो पुतळा चुकीच्या माणसाचा वाटतो. हॅरिसला १९४५ नंतरही मोठे किताब मिळालेच होते. बरोबर स्मारक व्हायला आणखी वीस वर्षं लागली. ‘बी गीज’चा गायक रॉबिन गिब आणि इतरांनी वर्गणी जमवली, सरकारनं नव्हे. २८ जून २०१२ ला ग्रीन पार्कमध्ये राणीनं ते उघडलं. गिब त्याच्या महिनाभर आधी वारला. आत नऊ फुटी ब्राँझचे सात जण आहेत, नुकतेच फेरीवरून उतरलेले, दमलेले, कुणी आकाशाकडे पाहतो आहे. वर छताला जे अॅल्युमिनियम आहे, ते मे १९४४ मध्ये बेल्जियममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्सचं, चिखलातून १९९७ मध्ये काढलेलं. त्या वेळी तीन जण आतच सापडले होते. आणि ड्रेस्डेनहून नाराजी आल्यावर या स्मारकात १९३९ ते १९४५ च्या बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचंही स्मरण कोरलं गेलं. दोन्ही गोष्टी एका छपराखाली बसू शकतात, हे दगडात सिद्ध झालं. समितीच्या कागदावर ते सत्तर वर्षं अशक्य होतं.

त्याच वर्षी माजी राजनैतिक अधिकारी सर जॉन होम्स यांना सगळ्या जुन्या पदकांच्या तक्रारी तपासायला सांगितलं गेलं. त्यांनी मान्य केलं की फायटर कमांडच्या तुलनेत बॉम्बर कमांडला वेगळी वागणूक मिळाली होती. १९ डिसेंबर २०१२ ला पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत जाहीर केलं: आर्क्टिक समुद्रातून गेलेल्या जहाजांच्या ताफ्यांना नवा स्टार, बॉम्बर कमांडला पट्टी. स्टार नाही, पट्टी. आधीच्याच फितीवर शिवायची, ‘बॉम्बर कमांड’ असे दोन शब्द असलेली. एव्हाना सर्वांत धाकटाही नव्वदीला टेकला होता. काहींनी आनंदानं घेतली, काहींनी ‘पदक देणार असाल तर बोला’ म्हणून परत फिरवली, आणि अनेक अर्ज मुलांचे, नातवंडांचे आले. इतक्या उशिराच्या मानाला काय अर्थ, असं विचारणारे तेव्हाही होते. अर्थ मेलेल्यांच्या दृष्टीनं शोधला तर सापडणार नाही. सरकारनं १९४५ मधली आपली टाळाटाळ पहिल्यांदाच लेखी कबूल केली, एवढ्यापुरता तो नक्की आहे.

पण पट्टीच्या अटी वाचल्या की जुनी सवय पुन्हा दिसते. तुकडीत साठ दिवस किंवा फेऱ्यांचा पुरा पल्ला, आणि निदान एक तरी लढाऊ उड्डाण. म्हणजे जमिनीवरची माणसं बाहेर. यॉर्कशर आणि लिंकनशरच्या उघड्या माळावर जानेवारीच्या पावसात इंजिनं दुरुस्त करणारे, बर्फात उघड्या बोटांनी फ्यूज बसवणारे, बॉम्ब लादताना स्फोटात मरणारे मेकॅनिक आणि आयुधवाले. खुद्द हॅरिसची १९४५ मधली सर्वांत कडवट तक्रार यांच्याविषयी होती: यांना फक्त डिफेन्स मेडल मिळणार असेल तर आपणही तेवढंच लावू, असं त्यानं पोर्टलला कळवलं होतं. ते पदकही मायदेशात तीन वर्षं नोकरी झाली असेल तरच, आणि तेच पदक गल्लीतल्या एअर रेड वॉर्डनलाही. कॅनडानं एप्रिल २०१३ मध्ये आपली पट्टी काढली तेव्हा अट इतकीच ठेवली: बॉम्बर कमांडमध्ये किमान एक दिवस नोकरी, काम कुठलंही असो, हवेतलं किंवा जमिनीवरचं. एकाच धावपट्टीवर, एकाच विमानाखाली रात्रभर थांबलेल्या दोन मेकॅनिकपैकी कॅनडाच्या माणसाच्या फितीवर आज वरून दिसणाऱ्या चार इंजिनांच्या विमानाचं छोटं चित्र आहे. ब्रिटिश मेकॅनिकची फीत युद्धानंतर टपालानं आली तशीच आहे.